‘माझ्याच मांडीचं मांस, त्यात धोका कसला?’

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

‘ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातून लिहितेय. आमच्या आबांना (वय ६१) मागच्या दिवाळीच्या तोंडावर मोठा अटॅक आला. दोन स्टेंट टाकले, जीव वाचला पण पंपिंग (हृदय आवळलं की आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) २८ टक्क्यांवरच राहिलंय. सांगलीचे डॉक्टर म्हणतात छातीत शॉकचं मशिन (ठोके भलतेच बिघडले की आपोआप शॉक देणारं) बसवून घ्या. आबा म्हणतात मशिनने पंपिंग वाढणार नाही मग कशाला एवढा खर्च. आता दादाच्या ओळखीतून एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा माणूस घरी येऊन गेला. मांडीतला स्नायूचा तुकडा काढून लॅबमध्ये पेशी वाढवायच्या आणि त्या हार्टमध्ये सोडायच्या, नवीन मांस तयार होतं म्हणे. नऊ लाख सांगितलेत. ब्रोशरवर लिहिलंय की जपान सरकारने मान्यता दिलेली ट्रीटमेंट आहे. आणि हे घेतलं की मशिनची गरज नाही असंही म्हणाले. अर्धा एकर बाग काढायचं ठरतंय, येत्या सोमवारी विसार घ्यायचाय. मी म्हटलं काही उलटं झालं तर? आबा म्हणाले, अगं माझ्याच मांडीचं मांस, त्यात धोका कसला. मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?’

अगं, पहिलं सांगते, सोमवारी विसार घेऊ नका. आठ-पंधरा दिवस पुढे ढकला, गिऱ्हाईक पळून गेलं तर दुसरं मिळेल. बाकीचं आता सावकाश सांगते कारण आबांचा प्रश्न साधा वाटला तरी तो फार मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर मिळायला पेशंटना त्रास सोसावा लागलाय.

मी डॉक्टर नाही हे माहितीच आहे तुला, २२ वर्षं हार्टच्या आयसीयूत सिस्टर होते. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांबद्दल जे बोलणार आहे ते मॉनिटरसमोर रात्री काढून शिकलेलं आहे, आणि या पेशींच्या प्रकाराबद्दल जे सांगणार आहे ते वाचून आणि माझ्या जुन्या डॉक्टरांना विचारून.

आधी हे सांगते की ही कल्पना कुणी फसवाफसवीसाठी काढलेली नाही. आपल्या हातापायाच्या स्नायूंत काही पेशी झोपून असतात, स्नायू फाटला मार लागला की त्या जाग्या होतात आणि दुरुस्ती करतात, म्हणून तर शेतात पिंढरी भरून आली, अगदी स्नायू दुखावला तरी महिन्याभरात माणूस परत उभा राहतो. हृदयाला अशी सोय जवळजवळ नाहीच. अटॅकमध्ये जेवढं मांस मेलं तेवढ्या जागी व्रण येतो, जसा भाजल्यावर कातडीवर येतो तसा, आणि तो व्रण आकुंचन पावत नाही. मग डॉक्टर लोकांनी विचार केला की मांडीतल्या त्या दुरुस्तीवाल्या पेशी काढून व्रणात सोडल्या तर? स्वतःच्याच पेशी, शरीर त्यांना परकं समजून मारणार नाही, रक्तपुरवठा कमी असला तरी चिवटपणे तग धरतात. १९९० नंतरच्या दशकात कुत्र्यांवर सशांवर प्रयोग झाले, ठीक वाटले.

माणसावर पहिल्यांदा हे झालं पॅरिसमध्ये, १५ जून २०००. फिलिप मेनाशे नावाचे हार्ट सर्जन. पेशंट ७२ वर्षांचे गृहस्थ, बायपास करायचीच होती, त्याआधी मांडीतून छोटा तुकडा काढला, दोनेक आठवडे लॅबमध्ये पेशी वाढवल्या, ८० कोटी झाल्या, आणि ऑपरेशनच्या वेळी बारीक सुईने व्रणात ठिकठिकाणी सोडल्या. म्हणजे तुमच्याकडे जो माणूस ब्रोशर घेऊन आला तो ‘एकदम नवीन’ म्हणून जे सांगत होता ते पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. आणि एखादी गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वी मोठा गाजावाजा होऊन सुरू झाली आणि आज सांगलीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येत नाही तर मध्ये काय झालं हे विचारायलाच पाहिजे ना.

मध्ये हे झालं. मेनाशेंच्या पहिल्या दहा पेशंटपैकी चौघांना हृदयाच्या खालच्या कप्प्यातून भलत्याच वेगाने ठोके सुरू झाले, ज्याला आम्ही व्हीटी म्हणतो. लगेच ऑपरेशन टेबलवर नाही, काही दिवस उलटल्यावर. चौघांनाही शॉकचं मशिन बसवावं लागलं. हे त्यांनी स्वतःच २००३ साली छापून जाहीर केलं, लपवलं नाही, मला या गोष्टीचा फार आदर वाटतो. पोलंडमध्येही अशाच पेशी सोडल्या होत्या तिथेही ठोक्यांचा हाच त्रास दिसला. आता दहा माणसं म्हणजे फार थोडी, आणि त्यांची हृदयं आधीच खराब होती, कदाचित पेशी न सोडताही व्हीटी झालंच असतं, म्हणून मग मोठी आणि नीट तुलना करणारी ट्रायल घेतली, तिचं नाव मॅजिक. ९७ पेशंट. काहींना ४० कोटी पेशी, काहींना ८० कोटी, काहींना नुसतं पेशी नसलेलं पाणी, कुणाला काय मिळालं ते पेशंटला माहीत नाही. आणि या सगळ्यांना, अगदी नुसतं पाणी मिळालं त्यांनाही, शॉकचं मशिन बसवलं.

हे वाक्य आबांना परत वाचून दाखव. जिथे हा प्रयोग सगळ्यात काळजीपूर्वक झाला तिथे मशिनशिवाय एकालाही पेशी दिल्या नाहीत. आणि तुमच्या घरी आलेला माणूस म्हणतो पेशी घेतल्या की मशिन नको. मला दुसरं काहीच कळलं नसतं तरी या एका वाक्यावरून मी त्या सेंटरला नाही म्हटलं असतं.

निकाल २००८ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी पंपिंगमध्ये पेशीवाले आणि पाणीवाले यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. ८० कोटीवाल्यांचं फुगलेलं हृदय थोडं आवरलं होतं हे खरं, ते मी लपवत नाही. पण ठोके बिघडण्याचे प्रसंग पेशीवाल्यांत जास्त होते, आणि ट्रायलमध्ये नवीन पेशंट घेणं तर ठरल्यापेक्षा आधीच थांबवलं होतं. म्हणजे फायदा हाताला लागेना आणि धोका दिसत राहिला.

आता आबांचा खरा प्रश्न. स्वतःचंच मांस मग धोका कसला?

स्वतःचं आहे, पण मांडीचं आहे, हाच धोका आहे. मांडीच्या स्नायूची आणि हृदयाच्या स्नायूची वीज वेगळी असते बघ. हात-पाय हलवताना स्नायूच्या तंतूला मेंदूकडून नसेतून हुकूम येतो, शेजारच्या तंतूला काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, नाहीतर एक बोट हलवायला गेलं की अख्खा हात आवळला गेला असता. हृदयात उलटं आहे. तिथे नस येऊन प्रत्येक पेशीला सांगत नाही, एक पेशी शेजारणीला सांगते, ती पुढच्या शेजारणीला, असं करत करत अख्खं हृदय एका झटक्यात आवळतं. त्यासाठी पेशी-पेशीच्या मध्ये बारीक दारं असतात, कनेक्सिन ४३ नावाच्या प्रोटीनची. मांडीतली पेशी मोठी होऊन पक्का स्नायू झाली की ती ही दारं ठेवतच नाही, तिला गरजच नसते. हृदयात नेऊन लावली तरी स्वभाव बदलत नाही. पॅरिसचे ते पहिले गृहस्थ दीडेक वर्षाने पक्षाघाताने वारले, तेव्हा त्यांचं हृदय तपासलं तर व्रणाच्या मध्ये त्या मांडीच्या पेशी जिवंत होत्या, छान लांब तंतू झाले होते, हृदयाच्या तंतूंना समांतर ओळीत. मांडीचेच तंतू! दीड वर्ष हृदयात राहून हृदयाचं मांस झालंच नव्हतं. ‘नवीन हार्टचं मांस तयार होतं’ असं जे तुम्हाला सांगितलंय त्याला हे उत्तर.

पण नुसतं शांत पडून राहिलं तर बिघडलं कुठे, असं आबा विचारतील. त्यांना हे असं सांग.

आपल्याकडे पूर्वी एका रानातून दुसऱ्या रानात हाळी द्यायचे ना. समज हाळी मळ्यामळ्याने पुढे जातेय, एकाने ऐकली की तो ओरडतो, मग पुढचा. आणि एकदा ओरडला की त्याला दम घ्यायला थोडा वेळ लागतो, त्या वेळात परत कुणी हाळी दिली तरी त्याच्याकडून पुढे जात नाही. त्यामुळे हाळी एका टोकाकडून निघते, सगळी रानं पार करते आणि पलीकडच्या टोकाला जाऊन संपते, मागे फिरू शकत नाही कारण मागचे सगळे दम घेत असतात. हा झाला आपला एक ठोका. आता मधल्या काही मळ्यांत ठार बहिरी माणसं आणून बसवली. हाळीला त्यांना वळसा घालून कडेकडेच्या बांधाने, एकेका माणसाच्या आधाराने, रखडत जावं लागतं. ती पलीकडे उशिरा पोचते. एवढ्या वेळात सुरुवातीच्या मळ्यातल्या माणसाचा दम भरलेला असतो, त्याला पलीकडून हाळी ऐकू येते, त्याला वाटतं नवीनच आहे, तो परत ओरडतो. झालं, हाळी त्या बहिऱ्या मळ्यांभोवती गोल गोल फिरत राहते, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा, आणि मूळ हाळी देणाऱ्याचं कुणी ऐकतच नाही. हे व्हीटी. हृदय इतक्या वेगाने आवळतं की आत रक्त भरायला वेळच मिळत नाही, मेंदूला रक्त जात नाही, माणूस कोसळतो, आणि पुढे हृदय नुसतं थरथरायला लागलं तर काही मिनिटांत सगळं संपतं.

आबांच्या हृदयात अटॅकच्या व्रणामुळे असे बहिरे मळे आधीच आहेत. म्हणूनच डॉक्टर मशिन सांगताहेत. त्यात आणखी बहिरी माणसं नेऊन बसवायची, तीही नेमकी व्रणाच्या कडेला जिथून हाळी कशीबशी जातेय, असा हा प्रकार आहे. शिवाय सुया टोचल्याने सूज येते, पेशींचे पुंजके एका जागी साचतात, त्याची भर वेगळीच. आणि हे सगळं कारण असावं हे नुसता अंदाज म्हणून सोडून दिलं नाही, २००७ मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या लोकांनी उंदरांवर बघितलं, मांडीच्या पेशींमध्ये मुद्दाम कनेक्सिन ४३ घातलं, दारं उघडून दिली, तर त्या उंदरांना व्हीटी पासून संरक्षण मिळालं. म्हणजे दुखणं दारांचंच होतं. पण ते उंदीर होते, आबा नाहीत.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोळी बाधली तर बंद करता येते. एकदा ८० कोटी पेशी हृदयात सोडल्या की त्या वेचून परत काढता येत नाहीत.

व्हीटी कसं दिसतं ते एकदा सांगते, कारण ‘ठोके अनियमित होतात’ असं वाचलं की लोकांना वाटतं छातीत थोडी धडधड होईल. माझ्या वॉर्डात एक गृहस्थ होते, आबांच्याच वयाचे, अटॅक येऊन चार महिने झालेले, पंपिंग तीसच्या आत. पेशी वगैरे काही नाही, साधा व्रणच. संध्याकाळी चहा घेत बायकोशी बोलत होते, कांद्याला काय भाव लागला असं काहीतरी, आणि मॉनिटरवरची रेघ बारीक उभ्या काड्यांची होती ती एकदम रुंद झाली, करवतीच्या दातांसारखी, एकाला एक लागून. मी वळेपर्यंत ते म्हणाले ‘सिस्टर, गरगरतंय’, कप बशीतून कलंडला, चहा चादरीवर, आणि डोळे वर. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी हाताला लागेना. पॅड लावली, शॉक दिला, रेघ परत काड्यांवर आली. सगळं मिळून दोन मिनिटं नसतील. डोळे उघडून त्यांनी पहिलं विचारलं, चहा कुणी सांडला. वाचले ते, कारण मॉनिटर लावलेला होता आणि आम्ही दहा पावलांवर होतो. हेच घरी रात्री दोन वाजता झालं असतं तर? वाईट याचं वाटलं की आधी जिथे त्यांची ट्रीटमेंट झाली तिथून डिस्चार्ज देताना पंपिंग एवढं कमी आहे, काही महिन्यांनी परत इको करा, मशिनचा विचार करा, असं कुणी एक शब्दाने सांगितलं नव्हतं, कार्डावरही नव्हतं. त्यांची बायको मला सारखी विचारायची, आम्हाला का नाही सांगितलं हो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, तेवढं तरी भाग्य समज.

आता जपान. ब्रोशरवाल्याने अर्धं खरं सांगितलंय आणि त्यामुळेच जास्त राग येतो मला. २०१५ मध्ये जपानने मांडीच्याच पेशींची एक पातळ चादर करून हृदयावर अंथरायची अशा ट्रीटमेंटला मान्यता दिली होती, ओसाकाच्या सावा या सर्जनांचं काम, कंपनी तेरुमो, नाव हार्टशीट. पण ती मान्यता सशर्त होती, म्हणजे विकायला सुरुवात करा पण ठरलेल्या मुदतीत पेशंट गोळा करून फायदा सिद्ध करून दाखवा. मुदत वाढवूनही दिली. २०२४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की फायदा सिद्ध झालेला नाही, आणि ते बाजारातून गेलं. शिवाय ते वरून चादर ठेवणं होतं, सुईने आत सोडणं नव्हे. तुमच्या ब्रोशरवर २०२४ चा उल्लेख आहे का बघ.

दादा म्हणेल आता स्टेम सेलमध्ये, म्हणजे मूळ पेशींच्या कामात, खूप पुढे गेलेत. हो गेलेत, आणि ते मी आवडीने वाचते. आता मांडीच्या पेशी न घेता मूळ पेशींपासून लॅबमध्ये खऱ्या हृदयाच्या पेशी बनवतात, ज्यांना दारं असतात, ज्या शेजारणीशी बोलतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या टीमने माकडांच्या हृदयात अशा शंभर कोटी पेशी सोडल्या, त्या जगल्या, जोडल्याही गेल्या. आणि ठोके? तिथेही बिघडले! पण कारण उलटं. या पेशी कच्च्या असतात, बाळाच्या हृदयासारख्या, त्यांना आपणहून ठोके द्यायची सवय असते, बहिऱ्या नसतात तर मधूनच स्वतःची हाळी देतात. काही आठवड्यांत पेशी पिकत जातात तसं ते कमी होतं पण तेवढे आठवडे धोक्याचे. २०२३ मध्ये सिएटलच्याच लोकांनी या पेशींतले काही जीन बदलून त्यांची ही आपणहून वाजायची सवय मोडून दाखवली, डुकरांच्या हृदयात. जपानमध्ये, जर्मनीत गटिंगनला माणसांवर ट्रायल चालल्यात, कुणी सुईने सोडतंय कुणी ठिगळासारखं वरून शिवतंय, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात जास्त लक्ष ठोक्यांवर आहे. हे लोक हळू चाललेत ते पॅरिसचे ते चार पेशंट लक्षात ठेवून. मला आशा आहे, खरंच आहे. पण ज्या गोष्टीची अजून तिथे मोजूनमापून परीक्षा चाललीये ती कुणी आपल्या ओट्यावर बसून नऊ लाखाला विकत असेल तर तो त्या आशेचा धंदा करतोय.

कायद्याचंही सांगते, ते दादाला पटेल. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या, २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतो, आणि ट्रायलमध्ये त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. उलट ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची, तसं नवीन औषधं आणि ट्रायल यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे. त्यामुळे सेंटरच्या माणसाला फोन करून फक्त एवढं विचारा, तुमचा सीटीआरआय नंबर काय? सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही, वेबसाईटवर कुणालाही फुकट बघता येते. नंबर नसेल, किंवा नंबर आहे पण नऊ लाखही हवेत, तर विषय संपला. नंबर असेल आणि पैसे नको म्हणत असतील तर मग पुढचं विचारा, पेशी सोडण्याआधी शॉकचं मशिन बसवणार का, नंतर किती दिवस मॉनिटरवर ठेवणार आणि घरी सोडल्यावर ठोक्यांवर नजर कोण ठेवणार, आधी ज्यांना दिलं त्यातल्या किती जणांना व्हीटी झालं. आकडा सांगता आला पाहिजे. ‘आमच्याकडे कुणालाच काही होत नाही’ हे उत्तर आलं तर फोन ठेवून दे.

आता मशिनचं. आबा बरोबर बोलतात, त्याने पंपिंग वाढत नाही. त्याचं ते कामच नाही. द्राक्षं पाडाला आली की रात्री बागेत राखणीला माणूस ठेवतो तो काय घड मोठे करायला ठेवतो का? मशिन गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसतं, तिथून वायर हृदयात जाते, प्रत्येक ठोका बघत राहतं, मी वर सांगितलेली करवत दिसली की आधी बऱ्याचदा हलके ठोके देऊन मोडून काढतं आणि नाही जमलं तर शॉक देतं. मी आणि माझी दहा पावलं, हे त्याच्या आत असतं असं समज. अटॅकला ४० दिवस उलटून गेलेत, नीट औषधं तीन महिने घेऊनही पंपिंग ३५ च्या खालीच राहिलं तर डॉक्टर ते सांगतात, आबा त्यात बसतात असं दिसतंय.

आणि पंपिंग वाढवायचं काम औषधांचं. आबांच्या गोळ्यांचा कागद तू पाठवला नाहीस, तर डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हे विचार की हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडल्यावर द्यायच्या, चारही प्रकारच्या गोळ्या चालू आहेत का, बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीची एक, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची शुगरची गोळी म्हणून ओळखीची असते पण शुगर नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात, त्यामुळे ‘मला कुठे शुगर आहे’ म्हणून आबांनी ती परस्पर बंद केली असेल तर बघ, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. कुणाला बीपी कमी होतं, कुणाची किडनी साथ देत नाही, म्हणून एखादी नसेलही, पण का नाही ते विचारायचं. डोसही हळूहळू वाढवत न्यायचे असतात, पहिल्या महिन्यातला डोस वर्षभर तसाच चालू असेल तर तेही विचार. नीट घेतली तर काहींचं पंपिंग खरंच वाढतं. नऊ लाखांत येणारं हे नाही, महिन्याच्या गोळ्यांत येणारं आहे. इसीजीमध्ये ठोका फार रुंद येत असेल तर तीन वायरवालं मशिन असतं त्याने मात्र पंपिंगलाही मदत होते, तर आबांचा इसीजी त्यात बसतो का हेही विचारून घे. खर्चाचं म्हणशील तर मशिनही स्वस्त नाही, पण जमीन विकायच्या आधी महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलात जाऊन आरोग्यमित्राला भेट, काय बसतं काय नाही ते लेखी विचार, आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्जही विचार.

मशिन बसेपर्यंत घरात सगळ्यांना दोन गोष्टी माहीत पाहिजेत. आबांना जुलाब-उलट्या झाल्या तर ‘होईल बरं’ म्हणून थांबायचं नाही, लघवीची गोळी चालू असताना पोटॅशियम बिघडतं आणि ठोके भरकटायला तेवढं पुरतं, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि आबा एकदम कोसळले, हाक मारून ओ देत नाहीत, श्वास नाही किंवा नुसती घरघर, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून जोरात दाबायचं, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, थांबायचं नाही. पाणी पाजत बसायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. दादाला आणि वहिनीला उशीवर दाबून दाखव. चक्कर येऊन क्षणभर अंधारी आली आणि मग बरं वाटलं, हेही अंगावर काढायचं नाही, तो इशारा असतो.

आबांशी कसं बोलायचं हे तू विचारलं नाहीस पण तिथेच अडेल असं मला वाटतं. ते पैशाला घाबरत नाहीयेत, बाग विकायला निघालेत म्हणजे त्यांना जगायचंय आणि पहिल्यासारखं बागेत उभं राहायचंय, मशिन म्हटलं की आपण कायमचे पेशंट झालो असं वाटतं आणि मांडीचं मांस म्हटलं की आपणच आपल्याला बरं केलं असं वाटतं. त्यामुळे ‘तुम्हाला काही कळत नाही’ असं कुणी म्हणू नका, दादाला आधीच सांगून ठेव. मशिन बसल्यावर काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, जड उचलायचं नसतं, पण नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बरीचशी माणसं बागेत फिरतात, बारीकसारीक कामं करतात, मी बघितलीत. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, तुझ्या नाही. अपॉइंटमेंटला तू आणि दादा दोघंही जा, आबांना मधल्या खुर्चीत बसवा, आणि तो मांडीच्या मांसाचा प्रश्न त्यांनाच विचारू दे डॉक्टरांना. ब्रोशरही घेऊन जा. मग काय म्हणाले ते मला कळव, गोळ्यांच्या कागदाचा आणि इकोच्या रिपोर्टचा फोटोही पाठव, त्यावरचं नाव झाकून.